आजोबांचं नाव इटलीत दोन ठिकाणी सापडलंय, बाबांना घेऊन नेमकं कुठं जाऊ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

डोंबिवलीच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५१, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. त्यांचे आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले आणि परत आले नाहीत. ते बोटीत बसले तेव्हा बाबा आज्जीच्या पोटात होते, त्यामुळे बापलेकांनी एकमेकांना कधी पाहिलंच नाही. बाबा आता ८२ वर्षांचे आहेत. शिमग्याच्या दिवसांत सरकारी पत्र आलं एवढंच आज्जी सांगायची. घराण्याची वंशावळ करताना भाच्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) वेबसाइटवर आजोबांचं नाव मिळालं, पण दोनदा. एक सांग्रो नदीजवळच्या दहन स्मारकावर, पहिली बटालियन, डिसेंबर १९४३. दुसरं कासिनो मेमोरियलवर, तिसरी बटालियन, जुलै १९४४. नाव, आडनाव, हुद्दा सगळं तेच, वडिलांचं नाव आणि गाव दोन्हीकडे नाही. ताईंनी मे महिन्यातली युरोप टूर बघून ठेवलीय, रोमला एक दिवस मोकळा आहे, तेव्हा बाबांना कासिनोला न्यायचं आणि तिथं पोचल्यावरच सांगायचं असा विचार आहे. दोघांचा खर्च सहा लाखांच्या घरात. मिस्टर म्हणतात या वयात कशाला, आणि चुलतकाका म्हणतात गोऱ्यांसाठी मेला तो माणूस, त्यात मिरवायचं काय. ताई विचारतात, आजोबा कासिनोच्या लढाईत गेले असं समजून जायचं का, आणि चुकीच्या नावासमोर उभे राहिलो तर सगळंच फुकट जाईल ना?

सल्ला:

ताई, तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आधी एक सांगते, टूरचे पैसे अजून भरू नका. जाऊच नका असं म्हणत नाहीये मी, पण तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, या दोनांपैकी आजोबांची खरी नोंद कुठली हा एक आणि बाबांना यातलं काय हवंय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कागदांत आहे आणि ते मिळण्याची बऱ्यापैकी आशा आहे. दुसऱ्याचं फक्त बाबांकडे आहे आणि तुम्ही त्यांना अजून विचारलेलंच नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू. ही दोन स्मारकं एकसारखी नाहीत हे आधी बघा. सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्री अॅड्रियाटिक किनाऱ्याजवळ तोरिनो दि सांग्रो या गावी आहे, तिथं २,६१७ कबरी आहेत आणि त्याच आवारात एक वेगळं दहन स्मारक आहे, ज्या भारतीय शिपायांना अग्नी दिला गेला अशा पाचशेहून जास्त जणांची नावं त्यावर आहेत. म्हणजे त्या यादीतल्या माणसाचा देह मिळाला होता आणि त्याला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप मिळाला होता. कासिनो मेमोरियल वेगळं, तिथं ४,००० च्या वर नावं आहेत आणि ती इटलीच्या लढाईत ज्यांची कबर माहीतच नाही अशांची. तिथं नाव कोरलंय याचा अर्थ तो माणूस कासिनोला पडला असा होत नाही. कासिनोची लढाई १८ मे १९४४ ला संपली आणि तुमच्या भाच्याला सापडलेली तारीख जुलैची आहे, म्हणजे ते आजोबा असले तरी कासिनोच्या लढाईत गेलेले नाहीत एवढं आत्ताच नक्की सांगता येतं.

यशवंत घाडगे यांचं उदाहरण बघा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, तिसऱ्याच बटालियनचे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले. ते १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात गेले, सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडल्यावर एकटे त्या गनवर धावून गेले होते, आणि त्यांचं नाव आहे मात्र कासिनोला, तिथून खूप दक्षिणेला, कारण कबर नाही. त्या खोऱ्याजवळच्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलंय. म्हणजे समजा तुमचे आजोबा तिसऱ्या बटालियनचे निघाले तर ज्या मुलखात ते लढले तो उंब्रिया प्रांत, म्हणजे हेच टायबर खोरं, आणि नाव बघायला जायचं ते कासिनोला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बाबांना यातली कुठली महत्त्वाची वाटेल हे तुम्ही-मी ठरवू शकत नाही.

आता तुमच्या आज्जींनी सांगितलेली ती एक ओळ. मला तुमच्या सगळ्या पत्रात ती सगळ्यात मोलाची वाटली आणि तुम्ही ती जाताजाता लिहून टाकलीय. शिमग्याच्या दिवसांत पत्र आलं, पण कुठल्या शिमग्याला? पहिली बटालियन होती ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये, ती डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सांग्रो आणि पुढं मोरो नदीच्या पट्ट्यात लढली. तिसरी बटालियन १० व्या डिव्हिजनमध्ये, ती इटलीत आलीच मुळी मार्च १९४४ च्या अखेरीला. म्हणजे पत्र १९४४ च्या शिमग्याला आलं असेल तर तिसऱ्या बटालियनचा प्रश्नच उरत नाही, त्या होळीपर्यंत ती तिथं पोचलीच नव्हती. पण १९४५ चा शिमगा असेल तर दोन्ही शक्य आहेत. आणि हे कळायला सोपा मार्ग म्हणजे बाबांचं तेव्हाचं वय. पत्र आलं तेव्हा बाबा मांडीवर होते की घरभर चालत होते, असं आज्जी कधी कोणाला काही बोलल्या असतील, वाडीतल्या कोणी वयस्क बाईनं ऐकलेलं असेल, तर त्या एका वाक्यावर वर्ष ठरतं. दुसरं विचारा, पत्र एकच आलं की दोन. ज्यांचा देह सापडला नाही त्यांच्या घरी बहुतेक वेळा आधी बेपत्ता म्हणून कळवायचे आणि बऱ्याच काळानं मृत धरलं असं कळवायचे. आज्जी बरीच वर्षं वाट बघत होत्या का? आधी काही वेगळं कळलं होतं का? हे प्रश्न जपून विचारा पण विचारा.

तरी आठवणीवर शेवटचा शिक्का मारू नका, शिक्का नंबरवर मारायचा. दोन्ही नोंदींत शिपाई नंबर दिलेला असतो, आणि नाव-आडनाव जुळणं याला या कामात फारशी किंमत नाही कारण त्या वेळच्या कारकुनांनी मधलं नाव न लिहिता गडी नोंदवलेत, आणि रत्नागिरी-सातारा-कोल्हापूरकडून एकाच नावाआडनावाचे कितीतरी जण भरती झालेले. नंबर मात्र एकाचाच असतो. तो कुठं मिळेल? आज्जींना पेन्शन होती का? असेल तर पेन्शनचं पुस्तक किंवा पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, त्यावर नंबर आणि पलटण दोन्ही असतं. ट्रंकेत पितळी पेटी, मेडलं, जुनी मनिऑर्डरची पावती, आजोबांचं फील्ड पोस्टचं एखादं कार्ड, काहीही. लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा चांदणीसारखा बिल्ला दिसला तर तो इटली स्टार, इटलीत लढलेल्यांना दिलेलं पदक. गावच्या घरात माळ्यावर बघा, देव्हाऱ्याच्या खणात बघा, अशा गोष्टी बायका देवाजवळ ठेवतात. घरात काहीच नाही निघालं तर रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. तिथल्या रोलवर, म्हणजे पलटणीच्या नोंदवहीत, शिपायाच्या वडिलांचं नाव आणि गाव असतं, म्हणजे तुम्हाला वेबसाइटवर जे मिळालं नाही तेच. बेळगावला कसं लिहायचं ते शेवटी सांगते.

भाच्याला आणखी एक काम सांगा. आत्तापर्यंत एकाच स्पेलिंगनं शोधलं असेल तर बाकीची सगळी करून बघ म्हणावं, व्ही च्या जागी डब्ल्यू, शेवटी ए असलेलं-नसलेलं, आडनावाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव, आणि यादी बटालियनप्रमाणे गाळून. मी हे मुद्दाम सांगतेय कारण कदाचित तिसरी नोंदही निघेल, आणि तिच्यात गावाचं नाव असेल. काही नोंदींत अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक असं सगळं लिहिलेलं असतं. पंचवीस वर्षांच्या आतल्या विधवेचं नाव कमिशनच्या रजिस्टरात आहे आणि तिच्या नातवंडांना पत्ताच नाही, अशी घरं कोकणात असणार. हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरात ‘लढाईत गेले’ एवढंच सांगतात त्यांनी आज रात्री ही वेबसाइट उघडून बघावी, पैसे लागत नाहीत.

चुकीच्या नावासमोर उभं राहण्याच्या भीतीबद्दल. ताई, तो दुसरा माणूस पण खराच आहे ना. तोही शिपाई, तोही मराठा पलटणीचा, बहुतेक आपल्याच मुलखातला, त्याच्याही घरी कोणीतरी पत्र वाचून घेतलं असेल. त्याच्या नावासमोर फूल ठेवलं तर त्यात फुकट काय गेलं? जपायचंय ते वेगळ्याच गोष्टीला. खात्री होण्याआधी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून ‘हेच आपले आजोबा’ असं जाहीर करू नका, वंशावळीच्या तक्त्यात पक्क्या शाईनं तारीख घालू नका, गावात फरशी बसवू नका. एकदा छापलं की पुढची पिढी तेच धरून चालते, आणि त्या दुसऱ्या घरातलं कोणी शोधत आलं तर त्यांचा माणूस तुमच्या तक्त्यात अडकलेला असेल. पेन्सिलनं लिहा, दोन्ही नोंदी लिहा, समोर प्रश्नचिन्ह घाला. मला विचाराल तर प्रश्नचिन्ह असलेली वंशावळ मी जास्त विश्वासानं वाचते.

आता काकांचं. त्यांना उडवून लावू नका, त्यांच्या बोलण्यात दुखणं आहे आणि ते खोटं नाही. १९४२ ला चले जाव झालं, १९४३ पासून साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि त्याच डोंगरपट्ट्यातली पोरं त्याच वर्षांत इंग्रजांच्या पलटणीत इटलीला लढत होती. एकाच गावात एक भूमिगत आणि एक पलटणीत असं असू शकत होतं. पण सक्तीची भरती नव्हती म्हणून ती सगळी पोरं गोऱ्यांवरच्या प्रेमानं गेली असं धरणं मला पटत नाही. दोन गुंठ्यांची भातखाचरं, खाणारी तोंडं दहा, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, आणि दर महिन्याला येणारी मनिऑर्डर. काही जण बापजाद्यांची पलटण म्हणून गेले असतील, काही जण गावातून पळायला. तुमचे आजोबा का गेले हे तुम्हाला माहीत नाही, काकांनाही माहीत नाही. पंचवीस लाख माणसं त्या युद्धात हिंदुस्थानातून भरती झाली, इटलीतच ५,७८२ भारतीय गेले, त्या सगळ्यांचं एकच कारण कसं असेल?

आणि काकांचा मूळ मुद्दा मिरवण्याचा आहे, तर त्यांना सांगा की मिरवायला चाललोच नाही. नातीनं आजोबांचं नाव बघायला जाण्यासाठी त्यांचं युद्ध तिला पटलंच पाहिजे अशी अट कोणी घातली? हां, तुमच्या मनात कुठंतरी आजोबा मोठे शूर निघावेत, लढताना पडलेले निघावेत असं असेल तर त्याला मात्र थोडं सैल सोडा. कागद आले की कदाचित कळेल की ते न्यूमोनियानं गेले, किंवा ट्रक उलटून, किंवा खेचरांच्या तांड्यासोबत दारूगोळा नेताना. १९४३ चा तिथला हिवाळा चिखलाचा आणि थंडीचा होता. असं काही निघालं तर बाबांना ते सांगताना तुमचा चेहरा पडायला नको.

बाबांकडे येते. ताई, सरप्राइजचा विचार सोडून द्या, हे मी अगदी ठामपणे सांगतेय. ८२ वर्षांच्या माणसाला परक्या देशात, अनोळखी बागेत, अचानक त्याच्या कधी न पाहिलेल्या बापाच्या नावासमोर उभं करायचं, बरोबर घड्याळाकडे बघणारा टॅक्सीवाला, संध्याकाळी परत ग्रुपबरोबर जेवायला. तुमचा हेतू मायेचा आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतंय. पण त्या क्षणाला त्यांना काय वाटावं हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, त्यांनी रडावं, हात जोडावेत, मग म्हणावं पोरी तू माझं मोठं काम केलंस. त्यांना रागही येऊ शकतो. आयुष्यभर त्यांच्या आईनं जे सोसलं त्याचा राग असेल आणि तो कुणावर काढायचा हेच त्यांना कळलं नसेल. काहीच वाटणार नाही असंही होऊ शकतं, आणि मग तुमच्याकडे बघून काहीतरी वाटल्याचं दाखवावं लागेल, ते सगळ्यात वाईट.

तुम्ही लिहिलंय की बाबा या विषयावर कधी बोलत नाहीत. न बोलणं म्हणजे नको असणं असं नाही, आणि आत कुठंतरी फार हवंय असंही नाही. त्या दोन्ही नोंदींचे प्रिंट काढा, मोठ्या अक्षरात, मराठीत शेजारी लिहून, आणि एखाद्या दुपारी त्यांच्या हातात द्या. सांगा की यातले आपले कोण हे अजून माहीत नाही, शोधतेय, तुमची मदत लागेल. मग निघून जा, चहा टाका, त्यांना ते कागद घेऊन बसू दे. लगेच इटलीचं नाव काढू नका. त्यांना शोधात घ्या, नंबर शोधायला, शिमगा कुठला ते आठवायला, गावी कोणाला फोन करायचा ते सांगायला. मला वाटतं बाबांना प्रवासापेक्षा या शोधात जास्त काही मिळेल, निदान सुरुवातीला तरी. ते म्हणाले की ठेव ते कागद, मला नाही बघायचे, तर ठेवून द्या. तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर तुम्ही स्वतःसाठी जाऊ शकता, तुमचेही ते आजोबाच आहेत, बाबांचं नाव पुढं करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना नक्की विचारा, त्यांनी वडिलांचं श्राद्ध कधी केलंय का, आणि कुठल्या तिथीला. तारीख माहीत नसलेल्यांचं बरेच जण सर्वपित्रीला करतात, आणि लढाईत, शस्त्रानं गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी धरतात. नोंद पक्की झाली की तारीख मिळेल, आणि तारखेवरून जुन्या पंचांगात तिथी बघता येईल. ज्या मुलानं ऐंशी वर्षं बापाची तिथीच न कळता काढली त्याच्यासाठी ती कळणं इटलीपेक्षाही मोठं असू शकतं. तुमच्या घरात हे मानत नसतील तर सोडून द्या, पण विचारल्याशिवाय सोडू नका.

समजा सगळं जुळलं आणि बाबा म्हणाले चल. तर मग ती ग्रुप टूर नको. कासिनो रोमहून रेल्वेनं साधारण दोन तासांवर, गावातच सिमेट्री आहे, एका दिवसात होतं. पण शिमग्याच्या त्या पत्रावरून माझा अंदाज सांग्रोकडे जास्त झुकतोय आणि ते देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला आहे, रोमहून पेस्काराला पोचायलाच तीन-चार तास जातात आणि तिथून पुढं आणखी. बाबांना घेऊन हे एका दिवसात करायचं म्हणजे त्यांचे हाल. पेस्काराला दोन रात्री राहा, गाडी ठरवा, सकाळी जा, कंटाळा येईपर्यंत बसा, वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. मे ठीक आहे, सप्टेंबर-ऑक्टोबर पण चांगला, जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. व्हिसा शेंगेनचाच, फी ९० युरो, आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, बाबांच्या वयाला त्याचा हप्ता जास्त बसेल तो आधी विचारून घ्या, सहा लाखांच्या हिशोबात तो धरलाय का बघा. मिस्टरांची काळजी या बाबतीत रास्त आहे, डॉक्टरांकडून हो आल्याशिवाय तिकीट काढू नका. कमिशनच्या वेबसाइटवर बहुतेक सिमेट्रींच्या पानावर व्हीलचेअर जाते का ते दिलेलं असतं, आणि नोंदीत पॅनल किंवा कॉलमचा नंबर असतो तो कागदावर लिहून न्या, नाहीतर शेकडो नावांत आडनाव शोधताना बाबा दमतील. (ज्यांचे आजोबा १९४४-४५ च्या शेवटच्या लढायांत गेले त्यांनी फोर्लीचं पण बघावं, तिथं इंडियन आर्मीची वेगळी सिमेट्री आणि साडेसातशेच्या वर नावांचं दहन स्मारक आहे, बोलोन्याहून रेल्वेनं जवळ.)

गावची माती न्यायची आणि तिथली आणायची असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. युरोपात बाहेरची माती न्यायला बंदी आहे आणि आपल्याकडेही परदेशची माती अशी आणता येत नाही, एअरपोर्टवर बाबांसमोर कोणी ती कचऱ्यात टाकली तर त्यांना ते सहन होणार नाही. आज्जींची एखादी वस्तू न्या, फोटो न्या, हळदकुंकवाची पुडी न्या. फुलं आणि नारळ तिकडं दुकानात मिळतात. दगडाला कुंकू लावू नका, डाग जात नाही आणि त्याच दगडावर इतरांचीही नावं आहेत, फुलाला लावा आणि फूल ठेवा. नारळ फोडायचा तर आवाराबाहेर. जवळच्या कबरींच्या ओळीतून पण एकदा फिरा, हिंदू शिपायाच्या कबरीवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं, बाबांना ते वाचता येईल आणि त्या सगळ्या परक्या अक्षरांत ते त्यांना बरं वाटेल.

प्रवास झेपणार नसेल किंवा पैशांचा मेळ बसत नसेल, आणि अशी पत्रं माझ्याकडे इतरांचीही येतात, तर इथंही करण्यासारखं बरंच आहे. पुण्यात खडकीला याच कमिशनची वॉर सिमेट्री आहे, १,६०० च्या वर कबरी आहेत, इटलीतल्या जागा कशा असतील याचा अंदाज तिथं येतो, तीच शिस्त, तीच हिरवळ, अधिकारी आणि शिपाई एकाच मापाच्या दगडाखाली. बाबांना आधी तिथं घेऊन जा, त्यांना अशा जागी कसं वाटतं ते तुम्हालाही कळेल आणि त्यांनाही, मग इटलीचं ठरवा. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला युद्धस्मारक आणि म्युझियम आहे, परवानगी आधी काढावी लागते. आणि कमिशनच्या वेबसाइटवरून नावाचं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं, ते फ्रेम करून आज्जींच्या फोटोशेजारी लावा, अर्थात नाव पक्कं झाल्यावरच.

आता बेळगावच्या पत्राचं. अर्ज बाबांच्या नावानं करा, मुलगा म्हणून, तुमच्या नावानं नको. आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, आज्जींचं नाव, आणि वेबसाइटवरचे दोन्ही नंबर त्यांच्या बटालियनसकट लिहा आणि सरळ विचारा की या दोघांपैकी कोणाच्या रोलवर हे गाव आणि हे वडिलांचं नाव आहे. प्रश्न असा नेमका असला तर उत्तर देणाऱ्यालाही सोपं जातं. बाबांचं आधार आणि पेन्शनचा कागद मिळाला तर त्याची झेरॉक्स जोडा, मूळ कागद कोणालाही पाठवू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. महिना-दोन महिन्यांत काही नाही आलं तर सैनिक कल्याण कार्यालयामार्फत परत लिहा. उत्तर आलं की पाकीट बाबांनाच फोडू द्या.